पत्रादेवीच्या पलीकडचा युरोप

युरोप करून आलेले कुटुंब हे आमच्या कोल्हापुरात आता नवलाचे राहिलेले नाही. पूर्वी विलायतेहून परतलेल्या गृहस्थाचे वाचनालयात व्याख्यान ठेवीत. हल्ली पलीकडच्या गल्लीतला शेजारी बारा दिवसांत सात देश उरकून येतो आणि चहाचा कप रिकामा होण्याआधी आपल्याला त्यांतल्या चारांतून फिरवून आणतो. या सातांत एखादा चिमुकला देश हमखास असतो. लिश्टेनस्टाईन, मोनॅको किंवा सान मारिनो. सकाळी तिथे बसमधून उतरायचे, किल्ला पाहायचा, पैसे भरून पारपत्रावर हौसेचा शिक्का मारून घ्यायचा आणि दिवेलागणीला पुन्हा मोठ्या देशात मुक्कामाला यायचे.

या प्रकाराला हसण्याचा मला अधिकार नाही, कारण सान मारिनोत असा एक दिवस मीही घालविला आहे आणि तो मला फार आवडला. इटलीच्या रिमिनी गावाहून बस निघते आणि तासाभरात तितानो डोंगरावर चढते. देशाचे क्षेत्रफळ अवघे एकसष्ट चौरस किलोमीटर. चवथ्या शतकाच्या आरंभी, म्हणजे ३०१ साली, मारिनस नावाच्या एका पाथरवटाने तो स्थापिला अशी तिथली परंपरा. दर सहा महिन्यांनी दोन नवे कारभारी निवडायचे आणि कोणालाही गादीला चिकटू द्यायचे नाही, ही रीत तिथे शतकानुशतके चालत आली आहे. नेपोलियन इटलीत असताना १७९७ साली त्याने या लोकांना आणखी मुलूख देऊ केला होता. त्यांनी आभार मानून तो नाकारला. आहे तेवढे आम्हाला पुरे, म्हणाले. शेजाऱ्याचा मुलूख घेतला की शेजाऱ्याचे वैरही घ्यावे लागते, हे त्या डोंगरी माणसांना कळत होते. आपल्याकडच्या संस्थानिकांना ते फारसे कळले नाही. पण त्याविषयी पुढे.

पुढे सांगायचे ते असे की, असाच एक चिमुकला, जुना, युरोपी देश आपल्या दारात होता. कोल्हापूरहून पहाटे निघून आजऱ्यावरून आंबोली उतरले आणि सावंतवाडी, बांदा मागे टाकले, की पत्रादेवी लागते. तिथे पेडणे सुरू होते. पोर्तुगालने १९५१ साली आपली राज्यघटना दुरुस्त केली आणि गोव्याला वसाहत म्हणण्याचे सोडून आपल्या देशाचाच सागरापलीकडचा प्रांत म्हणण्यास प्रारंभ केला. लिस्बनच्या कायद्याप्रमाणे पाहिले तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पत्रादेवीचा नाका ओलांडणारा माणूस पोर्तुगालमध्ये पाऊल टाकीत होता! एकट्या पेडणे तालुक्याचे क्षेत्रफळ अडीचशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यात चार सान मारिनो सुखाने बसतील. शेजारचा डिचोली तालुकाही जवळजवळ तेवढाच.

‘गोवा का? गोव्याला आम्ही वर्षातून दोनदा जातो,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण जातो ते कळंगुटला आणि बागेला. पेडणे आपण गाडीच्या काचा न उतरविता ओलांडतो, आणि डिचोलीत तर पेट्रोल भरण्यापुरतेही थांबत नाही. माझे म्हणणे एवढेच की सान मारिनोला आपण जो एक दिवस देतो, जितक्या कुतूहलाने देतो, तसा एक दिवस या दोन तालुक्यांना दिला पाहिजे. आणि इतर कोणी देवो न देवो, कोल्हापूरकरांनी तरी दिला पाहिजे. ‘कोल्हापूरकरांनी’ यावर मी मुद्दाम जोर देतो.

कारण पेडणे पोर्तुगीजांच्या हाती गेले त्यात आपला हात आहे.

हा मुलूख वाडीच्या सावंत भोसल्यांचा. तिसरे खेम सावंत १७५५ ते १८०३ असे अठ्ठेचाळीस वर्षे गादीवर होते. १७६३ साली जयाप्पा शिंद्यांची कन्या लक्ष्मीबाई त्यांना दिली, आणि शिंद्यांच्या वजनाने दिल्लीच्या बादशहाकडून त्यांना राजेबहाद्दर असा किताब मिळाला. हा मान आमच्या दरबाराला सहन झाला नाही. कालपर्यंतच्या सरदेसायाने राजे म्हणवून घ्यावे म्हणजे काय! मग कोल्हापूरच्या फौजा घाट उतरू लागल्या आणि पुढची वीसपंचवीस वर्षे हा कज्जा या ना त्या निमित्ताने चालूच राहिला. पोर्तुगीज टपलेलेच होते. १७८१–८२ च्या सुमारास त्यांनी डिचोली, साखळी आणि सत्तरी घेतली. ज्यांनी एक लचका तोडला त्यांच्याच दारी वाडीकरांना कोल्हापूरविरुद्ध मदत मागण्यास जावे लागले. आणि त्या मदतीची किंमत म्हणून १७८८ साली पेडणे तोडून द्यावे लागले. पोर्तुगीज कागदांत या साऱ्या मुलखाला ‘नव्या काबिजाती’ असे नाव आहे. काबीज केले खरे. पण पेडण्याच्या बाबतीत किल्ली आतल्याच माणसांच्या भांडणातून मिळाली होती.

आमच्या शाळांत हा प्रसंग मला कोणी शिकविला नाही. ताराराणींचे शौर्य शिकविले, शाहू छत्रपतींचे कार्य शिकविले, ते योग्यच होते. पण एका किताबापायी एक अख्खा तालुका पावणेदोनशे वर्षे परदेशात जाऊन पडतो, हाही आपल्याच इतिहासाचा भाग आहे. तो वाचून मान खाली घालावी असे मी म्हणत नाही. एकदा तिकडे जाऊन यावे, एवढे म्हणतो.

दिवसाचा आरंभ पत्रादेवीला करावा. रस्त्याच्या कडेला गोवा मुक्तीच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही या वाटेने आत शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. इथे पडलेल्यांत कर्नेल सिंग हा पंजाबचा तरुण होता. त्याच दिवशी पश्चिमेला तेरेखोलच्या बाजूने गेलेल्या तुकडीत पनवेलचे हिरवे गुरुजी पडले. गोव्याच्या या टोकाशी पंजाबचे काय नाते होते, आणि पनवेलच्या मास्तराचे तरी काय? नकाशावरच्या रेषेपलीकडली माणसे आपली आहेत असे त्यांनी धरले होते. स्मारकापाशी मी अर्धा तास होतो. तेवढ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागून गेली, थांबली एकही नाही.

पेडणे गाव लहान आहे. भगवतीच्या देवळासमोर दगडाचे दोन पूर्णाकृती हत्ती उभे आहेत, ते पाहून मुले हरखतील. गावात देशप्रभूंचा भव्य वाडा आहे. या हिंदू घराण्याला पोर्तुगालच्या राजाने व्हायकाउंटचा किताब दिला होता. वाडीच्या सावंतांना दिल्लीने राजेबहाद्दर केले, तर त्यांच्याच मुलखातल्या देशप्रभूंना लिस्बनने व्हिश्कोंद केले. किताबांचा हा खेळ फार मौजेचा आणि, मागे सांगितले तसा, फार महागाचाही.

भगवतीच्या पायरीवर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. ‘खंयच्यान आयल्यात?’ त्यांनी विचारले. मी कोल्हापूर म्हणताच त्यांनी लगेच मराठी धरली. ‘अंबाबाईचे गाव! बसा, बसा. आमचे वडील मराठी शाळेत शिकले हो. पोर्तुगीज फक्त कचेरीत लागायची. देवळात कीर्तन मराठी, जत्रेला नाटक मराठी.’ मी म्हटले, ‘काका, मग तुम्हाला आपण परदेशात आहोत असे वाटत होते का?’ ते हसले. ‘वाडीला मामाच्या घरी जायचे तर नाक्यावर कागद दाखवावा लागायचा, तेव्हा वाटायचे.’

त्यांचे बोलणे इतिहासाशी जुळते. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजातींत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. तिथे धर्मन्यायालयाचा वचक होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्या काबिजाती घेताना मात्र राज्यकर्त्यांनी देवळांना, वतनांना आणि रूढींना हात न लावण्याचे धोरण स्वीकारले. म्हणून बार्देशात गावागावांत चर्च दिसते, आणि कोलवाळची नदी ओलांडून पेडण्यात आले की भगवती, रवळनाथ आणि सातेरी भेटतात. एक नदी, दोन काठ, मध्ये अडीच शतकांचे अंतर. हे पुस्तकात वाचून जितके कळत नाही तितके पुलावरून पायी चालल्यावर कळते.

पेडण्याहून थोड्या अंतरावर हळर्ण आहे. नदीकाठी चिऱ्याचा एक किल्ला; भोवती माड, आणि फारशी वर्दळ नाही. पण या गावाच्या नावाने जो प्रवास केला आहे, तो आमच्या कोणत्याही प्रवास कंपनीला करवता येणार नाही. १७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगीज व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मेइदा याने सावंतांचा हा किल्ला जिंकला. लिस्बनला त्याचा एवढा गौरव वाटला, की १७४८ साली राजाने त्याला ‘आलोर्नाचा मार्किस’ केले. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण! पोर्तुगालातल्या आल्मेइरीं गावच्या त्याच्या मळ्यालाही हेच नाव पडले, आणि तिथली द्राक्षाची दारू आजही आलोर्ना या नावाने विकली जाते. त्याची नात लिओनोर पोर्तुगीज भाषेतली नामवंत कवयित्री झाली. तिला तिकडे ‘मार्केझा द आलोर्ना’ म्हणूनच ओळखतात. तिचा भाऊ, तिसरा मार्किस, नेपोलियनच्या पोर्तुगीज पलटणींचा सेनापती होता. रशियाच्या मोहिमेतून परतताना १८१३ च्या जानेवारीत तो क्योनिग्सबर्गला वारला. पेडण्याच्या एका खेड्याचे नाव अंगावर घेऊन एक माणूस रशियाच्या बर्फातून चालत होता, आणि त्या खेड्यातल्या कोणाला त्याचा पत्ताही नसेल.

सान मारिनोत हे घडते तर हळर्णच्या वेशीवर संग्रहालय उभे राहिले असते. आपल्याकडे ही हकीकत सांगायला दारात कोणी नसते. माझी तक्रार असेल तर ती हीच. दगड आपल्याकडेही आहेत, कदाचित अधिक चांगले आहेत. पण त्यांच्यापाशी उभे राहून गोष्ट सांगणारा माणूस आपण नेमलेला नाही.

डिचोलीत शिरताना खाणींच्या तांबड्या मातीचे डोंगर दिसू लागतात. खाणींमुळे या तालुक्यात पैसा आला आणि शेते बुजलीही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या अठ्ठ्याऐंशी खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली, तेव्हा या भागातली कित्येक घरे एका दिवसात थंडावली. तो विषय मोठा आहे आणि एका दिवसाच्या पाहुण्याने त्यावर निकाल देऊ नये. याच गावात एक नमाजगाह आहे. औरंगजेबाचा मुलगा शहाजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता, त्याने ती बांधविली असे सांगतात. बापाची गादी मिळविण्यासाठी निघालेला शहाजादा डिचोलीत येऊन थांबला, ही गोष्टही चांगली दोन अंकी नाटकाची आहे. आमच्या नाटककारांनी तिकडे पाहावे.

जवळच मये. तळे सुंदर आहे, सहलीच्या बसा तिथे थांबतात. पण पाहण्यासारखी गोष्ट तळ्याच्या बाहेर आहे. या गावची जमीन पोर्तुगीज अमदानीत मयेच्या कौंटाची होती. मुक्तीनंतर मालक परदेशी, म्हणून ती सरकारने ताब्यात घेतली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी कुळे स्वतःच्या घरात, पण दुसऱ्याच्या जमिनीवर, अशी अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोंबकळत राहिली. अखेर २०१४ साली गोवा विधानसभेने त्यासाठी वेगळा कायदा केला. एका राजाने हौसेने दिलेल्या किताबाचे ओझे सामान्य माणसाच्या सातबाऱ्यावर किती काळ राहते, याचा हा दाखला.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगतो. युरोप पत्रादेवीपलीकडे अजून शिल्लक आहे, पण तो चर्चच्या मनोऱ्यापेक्षा दस्तनोंदणीच्या कचेरीत अधिक दिसतो. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७० पासून लागू झाला आणि त्यातला कुटुंबाचा व वारशाचा मुख्य भाग मुक्तीनंतरही टिकून राहिला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक धरली जाते, निम्मी तिची. घर विकायचे तर खरेदीखतावर बायकोची संमती लागते. बापाने मृत्युपत्र केले तरी मुलामुलींचा अर्धा वाटा त्याला उडविता येत नाही. आमच्या पेठांतले जुने वाडे एका सहीने विकले गेले आणि घरच्या बाईला ती बातमी बिगारी सामान हलवायला आले तेव्हा कळली, अशी उदाहरणे मला ठाऊक आहेत. परक्या सत्तेचे सारेच टाकाऊ असे मानणाऱ्यांनी पेडण्यातल्या एखाद्या भगिनीला याबद्दल विचारून पाहावे.

दुपार कलल्यावर नार्वे गाठावे. सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. त्याचे मूळ देऊळ मांडवीपलीकडे दिवाडी बेटावर होते. ते सोळाव्या शतकात पाडले गेले आणि देव नदी ओलांडून नार्व्याला आला. १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली, तसा लेख दारावर आहे. अलीकडे गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने देवळाची नीट दुरुस्ती केली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. घुमट आणि दीपमाळ आहे तशी राखून, संगमरवरी फरश्यांचा मोह टाळून ही दुरुस्ती झाली, याबद्दल त्या खात्याचे मनापासून अभिनंदन केले पाहिजे. आमच्या बाजूच्या देवस्थानांच्या विश्वस्तांना एक बस करून तिथे न्यावे असे मला वाटते.

पेडणे आणि डिचोलीचे आपल्याशी नाते काय, हा प्रश्न एकदा मतपेटीतही पडला होता. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा असे विचारले गेले. वेगळे राहण्याच्या बाजूने ३४,०२१ मते अधिक पडली. पेडणे, डिचोली, सत्तरी या पट्ट्याचा कल विलिनीकरणाकडे होता, पण निकाल सबंध गोव्याचा होता, आणि १९८७ साली ते राज्यही झाले. तो वाद संपला हे चांगलेच झाले. संपला त्याबरोबर आपली आपुलकीही आटली, हे मात्र चांगले झाले नाही. मुलूख आपल्या राज्यात आला नाही म्हणून त्याचा इतिहासही आपला नाही, असे आपण न बोलता ठरवून टाकले.

तो इतिहास कुठे आहे? तीन ठिकाणी पडून आहे. पणजीच्या पुराभिलेखात ‘शेजारी राजे’ अशा अर्थाच्या नावाचे पोर्तुगीज दप्तर आहे. सावंतांशी आणि इतर मराठी दरबारांशी झालेला पत्रव्यवहार त्यात आहे. पुण्याला पेशवे दप्तर आहे. आणि तिसरे आपल्या कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात, मोडीत. सत्तरीतून आलेले डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीची दप्तरे आयुष्यभर चाळली, आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली, म्हणजे त्या कौलाच्याच वर्षी, प्रसिद्ध केला. त्यांच्यासारखे मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचणारे डोळे आज किती असतील? आमच्या शहरात विद्यापीठ आहे, मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात, होतकरू मुले तिथे येतात. त्यांतल्या दोघांचौघांना पोर्तुगीज शिकण्यासाठी पणजीला धाडावे. जुनी घराणी लग्नात मांडवावर जो खर्च करतात त्याच्या शतांशात एका मुलाचे वर्ष निघेल. १७८८ च्या प्रकरणाची कोल्हापूरची बाजू आणि वाडीची बाजू शेजारी शेजारी ठेवून एक लहानसे पुस्तक झाले, तरी ते मला सात देशांच्या सहलीपेक्षा मोलाचे वाटेल.

आणि घाई केली पाहिजे. मोपाच्या पठारावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडू लागली आहेत. हे पठार पेडणे तालुक्यातच येते. जमिनींचे भाव चढत आहेत, माडांच्या बागांतून दुमजली बंगले उठत आहेत. आता युरोपातला माणूस थेट पेडण्यात उतरतो. ज्या गावांनी पोर्तुगीज सत्तेत आपले देव आणि आपली भाषा राखली, त्यांना या नव्या पाहुण्यांपुढे ती राखणे अधिक कठीण जाईल अशी मला भीती आहे. तेव्हा निदान त्यांची गोष्ट ऐकणारे दोन पाहुणे आपल्या बाजूचेही असावेत.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी: पहाटे चारला निघाल्यास नवापर्यंत पत्रादेवी. पेडणे आणि हळर्ण दुपारच्या जेवणाआधी होतात. जेवण डिचोलीत साध्या खानावळीत घ्यावे. माशाची आमटी आणि उकड्या तांदळाचा भात उत्तम मिळतो. नार्व्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट आहे. वेळ असेल तर तिच्यातून पलीकडे जाऊन यावे. परतताना दोडामार्गावरून तिळारीचा घाट चढून चंदगडमार्गे यावे, मात्र पावसाळ्यात आणि अंधारात तो घाट टाळावा. दोडामार्गच्या नाक्यावर गाडी थांबवतात. आमचीही थांबविली. शिपायाने डिकी उघडायला लावली, बाटल्या नाहीत हे पाहून त्याला जरा आश्चर्य वाटले, आणि ‘मग गोव्यातून आणलेत तरी काय?’ असे त्याने विचारले. मागच्या आसनावर हळर्णच्या माणसाने दिलेले दोन नारळ होते, ते मी त्याला दाखविले.